सकाळी अकराच्या आधीची पिग्मी: एआय कोडिंगबद्दल एका विद्यार्थ्याला उत्तर

गोव्यात फर्मागुडीला कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मला विचारलंय: "ताई, आमच्या वर्गात आता बहुतेक सगळे एआयकडूनच कोड लिहून घेतात. तुम्ही २३ वर्षं या कामात आहात. काम खरंच बदललंय, की नुसता गाजावाजा आहे? आणि पुढे एमई करून याच विषयात संशोधन करायचं असेल, तर शोधण्यासारखं काय उरलंय?"

काम बदललंय, आणि चांगलंच बदललंय. पण नेमकं कुठे बदललंय हे सांगायचं तर आधी एक चूक सांगावी लागेल. ती माझ्या टीममध्ये झाली आणि तिच्यावर मान्यतेचा शिक्का माझाच होता.

आम्ही फोंड्यात सहा जण मिळून पतसंस्था आणि छोट्या घाऊक दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर करतो. पतसंस्थेत पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, कशी चालते हे तुला घरातून माहीत असेल. एजंट दिवसभर बाजारात फिरतो, मासळीवाली, फुलवाली, गाडेवाला यांच्याकडून रोजचे पन्नास-शंभर रुपये घेतो आणि हातातल्या छोट्या मशीनवर नोंद करून पावती देतो. त्याची फेरी संपते तेव्हा शाखा बंद झालेली असते. म्हणून तो मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत आणून जोडतो आणि तेव्हा सगळ्या नोंदी सर्व्हरवर चढतात. जुन्या मशीनमधलं घड्याळ भरवशाचं नव्हतं. त्यामुळे आमच्या प्रोग्रॅममध्ये एक अट होती: सकाळी अकराच्या आधी चढलेल्या नोंदींना आदल्या कामाच्या दिवसाची तारीख द्यायची. सोमवारी सकाळी चढलेल्या नोंदी शनिवारच्या धरायच्या. ही अट दोन ठिकाणी होती, थोड्या वेगळ्या शब्दांत, आणि दिसायला अगदी गबाळी होती.

गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या एका मुलीने एआय एजंटला, म्हणजे स्वतःच फायली उघडून कोड बदलणाऱ्या साधनाला, सांगितलं की ठेवींच्या मोड्यूलमधला परत परत आलेला कोड साफ कर. काम पाऊण तासात झालं. दोन गबाळ्या अटींच्या जागी एक नीटनेटकं फंक्शन आलं. नोंद ज्या दिवशी सर्व्हरवर चढली तीच व्यवहाराची तारीख, सरळ हिशेब. त्यामुळे एक टेस्ट, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड, फेल झाली, तर त्या एआय एजंटने टेस्टमधली अपेक्षित तारीखच बदलली आणि खाली कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) लिहिलं, 'चुकीची अपेक्षित तारीख दुरुस्त केली'. मान्यतेसाठी आलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात, म्हणजे पुल रिक्वेस्टमध्ये, ४१ फायली होत्या. मी दुपारी जेवणानंतर ती वाचायला घेतली. सगळं सुबक होतं, नावं छान होती, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, होत्या. मी मान्यता दिली.

गडबड कळली चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठ दिवस आधी. वर्षाची मुदत भरली की लोक पिग्मीचे पैसे चवथीच्या बाजारहाटासाठी काढतात. बाजारात मासे विकणारी एक बाई शाखेत आली. तिच्याकडे शेवटच्या दिवसाची पावती होती. कॉम्प्युटर मात्र म्हणत होता की शेवटचा हप्ता मुदतीनंतर पडलाय, म्हणून मुदतीतले हप्ते पुरे नाहीत, आणि मुदतपूर्व काढण्याचा आकार लागेल. ३१ तारखेला तिने दिलेले पैसे आमच्या हिशेबात १ तारखेचे झाले होते. काउंटरवरची मुलगी तिला समजावत होती की सिस्टीममध्ये असंच दिसतंय. त्या बाईने पावती टेबलावर ठेवली आणि ती तिथेच उभी राहिली. तिची पावती बरोबर होती आणि आमचं सॉफ्टवेअर चुकीचं. त्या रात्री आम्ही जुनी अट परत घातली, सगळ्या खात्यांच्या तारखा फिरवल्या, आणि संस्थेने दोन दिवसांत सगळ्यांचे पैसे पुरे केले.

यात एआय एजंटची चूक कोणती, हा विचार मी बरेच दिवस केला. त्याच्यासमोर जेवढा मजकूर होता, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष वाजवी होता. अकराची अट का आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. २०१४ साली मी स्वतः त्या काउंटरमागे दोन दिवस बसले होते, पिग्मी एजंट मशीन कधी आणतात ते पाहिलं होतं आणि अट लिहिली होती. वर एका ओळीची कॉमेंटही टाकली नव्हती. कारण माझ्या डोक्यात होतं, आणि तेव्हा ते तिथे असणं पुरेसं वाटलं.

पीटर नाऊर हे डॅनिश संगणकशास्त्रज्ञ, पुढे २००५ चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले. त्यांनी १९८५ मध्ये मांडलेला एक विचार मला आता रोज आठवतो. त्यांचं म्हणणं असं की प्रोग्रॅम म्हणजे नुसता लिहिलेला मजकूर नाही. तो करणाऱ्या माणसांच्या मनात जी समज तयार होते, जगातल्या कोणत्या गोष्टीसाठी कोडमधली कोणती गोष्ट आहे आणि ती तशीच का आहे, ती समज हाच खरा प्रोग्रॅम. त्यांनी एका कंपायलरचं (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) उदाहरण दिलंय. एका गटाने तो बनवला. दुसऱ्या गटाला तो थोड्या वेगळ्या भाषेसाठी वाढवायचा होता. त्यांना पूर्ण कोड मिळाला, सविस्तर कागदपत्रं मिळाली, वर पहिल्या गटाचा सल्लाही मिळाला. तरी त्यांनी सुचवलेले बदल मूळ रचनेची ताकद घालवणारे, वरून ठिगळ लावल्यासारखे होते. पहिल्या गटाला ते बघताक्षणी कळलं आणि मूळ रचनेत बसणारा साधा उपाय त्यांनी लगेच दाखवला. कागद सगळे होते, समज पोचली नव्हती. आज एआय एजंट त्या दुसऱ्या गटाच्या जागी आहे. त्याचा वाचनाचा वेग अफाट आहे आणि तो थकत नाही, पण काउंटरमागे तो कधी बसलेला नाही.

म्हणून माझं उत्तर असं आहे: कोड लिहिणं स्वस्त झालं, आणि कोड 'असा का' आहे हे जाणणं महाग झालं. आपल्या कामाचं आणि संशोधनाचं वजन त्या 'का'कडे सरकलंय.

तू मला एआयविरोधी समजू नकोस. ही साधनं मी रोज वापरते आणि काही कामांत त्यांनी मला जे दिलं त्याची मी पाच वर्षांपूर्वी कल्पनाही केली नव्हती. एका संस्थेचा १९९० च्या दशकातला, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनातला प्रोग्रॅम आमच्याकडे आला. रकान्यांची नावं दहा अक्षरांच्या मर्यादेत कोंबलेली, स्वर गाळलेले, लिहिणारे गृहस्थ निवृत्त होऊन गेलेले. पूर्वी असा प्रोग्रॅम उलगडायला मला तीन-चार आठवडे लागायचे. एआय मॉडेलसमोर फायली ठेवल्या आणि एका दुपारी कोणता रकाना कशासाठी, कोणत्या फायलीतून कोणत्या फायलीत काय जातं, याचा वापरता येईल असा नकाशा हातात आला. त्यात चार ठिकाणी चुका होत्या, त्या आम्ही खऱ्या खात्यांशी ताडून काढल्या. तरीही तीन आठवडे वाचले. रिपोर्टची मांडणी, एका डेटाबेसमधून दुसऱ्यात स्थलांतर, अनोळखी लायब्ररीची (आयत्या कोडच्या संचाची) पहिली ओळख, कंटाळवाणे फॉर्म, यांत आता हाताने कोड लिहायला बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

मग काम खरंच वेगाने होतं का? यावर झालेले दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून वाच, कारण त्यांतली विसंगती फार शिकवणारी आहे. पहिला गिटहब आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला. गिटहबचं कोपायलट हे एआय साधन वापरणाऱ्यांना सरासरी १ तास ११ मिनिटं लागली, न वापरणाऱ्यांना २ तास ४१ मिनिटं. म्हणजे जवळजवळ ५६ टक्के वेळ वाचला. दुसरा मेटर (METR) या एआयची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा, २०२५ चा. त्यात १६ अनुभवी मुक्तस्रोत (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पांतले) प्रोग्रॅमर होते, सगळे वर्षानुवर्षं स्वतः सांभाळलेल्या मोठ्या प्रकल्पांवर काम करणारे. २४६ खरी कामं घेतली आणि प्रत्येक कामाला एआय वापरायचं की नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवलं. त्यांचा आधीचा अंदाज होता, एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. काम झाल्यावर त्यांना वाटलं, २० टक्के वाचला. घड्याळ पाहिलं तर १९ टक्के जास्त लागला होता.

यातला एक खरा आणि दुसरा खोटा असं नाही. पहिल्या प्रयोगात रिकामी पाटी होती. 'का' म्हणून विचारावं असं त्या कामात काही नव्हतं, कारण सर्व्हर कसा असावा हे जगजाहीर आहे. दुसऱ्यात माणसाच्या डोक्यात आधीच ती नाऊरची समज भरलेली होती. ती साधनाला समजावून सांगण्यात आणि त्याने दिलेलं तपासण्यात वेळ गेला, हे मला माझ्या अनुभवावरून पटतं. त्या प्रयोगातली साधनं २०२५ च्या सुरुवातीची होती, आजची त्याहून पुढे गेली आहेत, त्यामुळे १९ हा आकडा दगडावरची रेघ धरू नकोस. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: आपल्याला किती वेळ लागला हे अनुभवी माणसालाही आतून कळत नाही. म्हणून मित्र म्हणाला की मी दुप्पट वेगाने काम करतो, तर त्याच्यावर अविश्वास दाखवू नकोस, पण तो पुरावाही समजू नकोस.

आता रोजच्या कामात आम्ही काय बदललं ते सांगते. पिग्मीच्या प्रकारानंतर पहिला नियम केला की टेस्टच्या फोल्डरला एजंटने हात लावायचा नाही. टेस्ट बदलायची असेल तर माणसाने, वेगळ्या कमिटमध्ये, कारण लिहून. हा एकच नियम पाळलास तरी अर्ध्या आपत्ती टळतील. टेस्ट हिरवी करणं हेच ध्येय दिलं की टेस्ट बदलणं हा सगळ्यात जवळचा रस्ता असतो, आणि एजंट तो रस्ता निवडतो हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसरं, पुल रिक्वेस्ट लहान. पूर्वी मोठी पुल रिक्वेस्ट लिहिणाऱ्यालाही जड जायची, म्हणून ती आपोआप लहान राहायची. आता लिहायला काहीच पडत नाही, आणि सगळा भार वाचणाऱ्यावर येतो. सॉफ्टवेअर टीमांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या गूगलच्या डोरा गटाच्या २०२४ च्या अहवालात हेच दिसलं होतं: एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढतो तिथे सॉफ्टवेअर पोचवण्याची स्थिरता सुमारे ७.२ टक्के घटलेली आढळली, आणि बदलांचे गठ्ठे मोठे होणं हे त्यांनी संभाव्य कारण सांगितलं. माझ्या ४१ फायलींची दुपार मला त्या वाक्यात दिसली. आमच्याकडे आता एका वेळी वाचायला जास्तीत जास्त तीनशे ओळी, आणि जेवणानंतर रिव्ह्यू नाही. सकाळी, डोकं ताजं असताना.

माझं माहेर दिवाडी बेटावरचं. तिथे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीच्या, बांधावरून माणूस ओहोटीला फिरतो, कुर्ल्यांनी कुठे भोकं पाडलीत ते बघत. वरून बांध सगळीकडे सारखाच दिसतो. रिव्ह्यू करताना मी आता तसं फिरते. हा कोड सुबक आहे का, हे मी बघतच नाही, कारण एआयचा कोड सुबक असतोच. काय काढून टाकलं गेलं, ते आधी बघते. नव्या, हिरव्या ओळींआधी काढलेल्या, लाल ओळी वाचते. कुठली विचित्र अट गेली, कुठला अपवाद सरळ केला गेला. आणि प्रत्येक गेलेल्या अटीला विचारते, तू इथे का होतीस?

तिसरं, टेस्टचीच परीक्षा घेतो. म्युटेशन टेस्टिंग नावाची जुनी पद्धत आहे, १९७८ पासून अभ्यासली गेलेली. कोडमध्ये मुद्दाम एक छोटी चूक घालायची, 'पेक्षा मोठं' असेल तिथे 'पेक्षा मोठं किंवा बरोबर' करायचं, आणि एखादी तरी टेस्ट फेल होते का ते पाहायचं. एकही टेस्ट ओरडली नाही तर त्या जागेवर पहारा नाही. कोड एआयने लिहिला आणि टेस्टही एआयनेच लिहिल्या, तर दोन्हींत एकच गैरसमज असू शकतो आणि दोघं एकमेकांना छान दुजोरा देतात. व्याज आणि तारखांच्या मोड्यूलवर आम्ही दर आठवड्याला म्युटेशन चालवतो. पूर्वी ही पद्धत आमच्यासारख्या लहान टीमला परवडायची नाही. आता चुका पेरण्याचं आणि निकाल चाळण्याचं काम एजंटच करतो, आणि हे काम तो उत्तम करतो.

चौथी गोष्ट, रिपॉझिटरीत (सगळा कोड ठेवतो त्या जागी) 'का' नावाची एक साधी फाइल. प्रत्येक विचित्र नियमाला दोन-तीन ओळी: काय आहे, कुठून आलं, कोणाला विचारून ठरलं. एजंटला प्रत्येक कामाआधी ती वाचायला देतो. ती फाइल झाल्यापासून त्याच एजंटने तशीच अट समोर आल्यावर स्वतःहून थांबून विचारलंय, हे मी पाहिलंय. त्याच्या बुद्धीत कमतरता नव्हती, त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

याला जोडून एक गोष्ट. सभासदांची दुबार नावं शोधायचं काम आलं होतं. मॉडेलने अक्षरं जुळवून नावं ताडणारा नेहमीचा कोड दिला, आणि आपल्याकडच्या अर्ध्या जोड्या त्यातून निसटल्या. पोर्तुगीज काळच्या कागदांत कामत 'कामोतिम' होतात, शेणवी 'सिनाय' होतात. आजोबांच्या जमिनीच्या कागदावर एक आडनाव, नातवाच्या आधार कार्डावर दुसरं. मी मॉडेलला हे सांगितल्यावर त्याने लगेच पोर्तुगीज लेखनाचे आणखी नमुने दिले, काही मलाही नवीन होते. म्हणजे माहिती त्याच्याकडे होती. ती इथे लागू पडते हे ओळखायला गोव्यातलं माणूस लागलं. तुझ्या नोकरीबद्दलची चिंता मला प्रश्नाच्या आडून दिसतेय, म्हणून सांगते: वेर्ण्याला काम करशील किंवा पाटोला, ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर करतोस त्याच्या काउंटरमागे दोन दिवस बसून ये. हे दोन दिवस कुठलंही साधन तुझ्या वतीने बसू शकत नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. मॉडेल कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं (इंटरनेटवरून उतरवायच्या आयत्या कोडचं) नाव आत्मविश्वासाने देतं. एका अभ्यासात १६ मॉडेलांकडून ५,७६,००० कोडचे नमुने घेतले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी १९.७ टक्के मुळात नव्हतीच, आणि अशी वेगवेगळी नावं निघाली २,०५,४७४. कुणी दुष्ट माणसाने त्यातलंच नाव घेऊन खरंच पॅकेज टाकून ठेवलं तर ते थेट तुझ्या मशीनवर उतरेल. म्हणून पॅकेज बसवण्याआधी ते कोणाचं, किती जुनं, कोण वापरतं हे हाताने बघ. एजंटला प्रॉडक्शनच्या (लोक वापरतात त्या खऱ्या सिस्टीमच्या) किल्ल्या देऊ नकोस, त्याला वेगळ्या बंद खोलीत चालव. आणि सभासदांची खरी नावं, खाती, आधार क्रमांक प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनेत) कधीच टाकू नकोस. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण ती माहिती आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली असते.

शिकण्याबद्दल मला खरी काळजी वाटते. अकराची ती अट मी लिहू शकले, कारण त्याआधी दहा वर्षं मी स्वतःच्या चुका स्वतः शोधल्या होत्या. आमच्याकडे आलेल्या दोन फ्रेशरनी पहिल्या महिन्यात सुंदर स्क्रीन करून दिले. मग एक दिवस बेरीज एका पैशाने चुकली. पैसा दशांश अपूर्णांकात साठवायचा की पूर्णांकात, हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता. दोघंही त्रुटीचा मेसेज परत परत मॉडेलला देत राहिले, ते दर वेळी वेगळीकडे दुरुस्ती करत राहिलं. मी त्यांच्या शेजारी बसले, कागदावर ०.१ आणि ०.२ बायनरीत लिहून ते तिथे नेमके बसत नाहीत हे दाखवलं, आणि दहा मिनिटांत दोघांचे चेहरे उजळले. हुशार मुलं आहेत. त्यांना ती दहा मिनिटं कुणी दिली नव्हती. आता आमच्याकडे नवीन मुलांना पहिले तीन महिने आठवड्यातून दोन दिवस एआय बंद. त्या दोन दिवसांत फक्त बग शोधायचे, डिबगर लावून, ओळीओळीने. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, नंतर स्वतःहून तिसरा दिवस मागतात. मुलाखतीतही मी आता कोड लिहायला लावत नाही. एजंटने केलेला दोनशे ओळींचा बदल समोर ठेवते आणि विचारते, यातून काय बिघडेल?

आता तुझा दुसरा प्रश्न, संशोधनाचा. इथेही जमीन हललीय. २०२१ मध्ये ओपनएआयच्या कोडेक्स या कोड लिहिणाऱ्या मॉडेलबरोबर ह्युमनइव्हॅल हा १६४ छोट्या प्रश्नांचा संच आला. कोडेक्स पहिल्या प्रयत्नात २८.८ टक्के सोडवायचा. थोड्याच वर्षांत मॉडेलांनी तो जवळजवळ पूर्ण सोडवला आणि त्याचा उपयोग संपला. २०२३ मध्ये एसडब्ल्यूई-बेंच आला, पायथनच्या १२ खऱ्या प्रकल्पांतल्या २,२९४ तक्रारींचा. तेव्हा सगळ्यात चांगल्या मॉडेलने जेमतेम १.९६ टक्के सोडवल्या. २०२४ मध्ये त्यातून ५०० नीट तपासलेली कामं वेगळी काढली, आणि २०२५ मध्ये मॉडेलं त्यात ७० टक्क्यांच्या वर गेली.

ही प्रगती खरी आहे. पण संशोधक म्हणून या आकड्यांना दोन प्रश्न विचार. हे प्रकल्प इंटरनेटवर खुले आहेत, मग मॉडेलने उत्तर शोधलं की आधी वाचलेलं आठवलं? आणि 'सोडवलं' याचा अर्थ तिथे टेस्ट पास झाल्या एवढाच आहे. आमच्याही टेस्ट पास झाल्या होत्या, ती बाई पावती घेऊन उभी राहिली तेव्हासुद्धा.

आणखी एक अडचण आपल्या क्षेत्रात पूर्वी नव्हती. ज्या साधनावर प्रयोग करायचा तेच दुसऱ्याच्या हातात असतं. २०२३ च्या मार्चमध्ये ओपनएआयने त्या जुन्या कोडेक्सची सेवा बंद करत असल्याचं मोजके दिवस आधी कळवलं, तेव्हा त्यावर आधारलेले कितीतरी शोधनिबंध पुन्हा करून बघता येतील की नाही हाच प्रश्न उभा राहिला. ओरड झाल्यावर संशोधकांसाठी वेगळी सोय करावी लागली. म्हणून तुझ्या प्रयोगात वजनं (मॉडेलच्या आतले शिकलेले आकडे) उतरवून घेता येतील असं किमान एक खुलं मॉडेल ठेव, प्रत्येक प्रॉम्प्ट आणि उत्तर तारखेसह साठव, आणि तोच प्रश्न अनेकदा विचार, कारण उत्तर दर वेळी सारखं येत नाही. एकदा चालवून मिळालेल्या आकड्यावर निबंध लिहू नकोस.

विषय म्हणून बरेच जण नवा एजंट बनवायला घेतात. मी तुला त्यापासून परावृत्त करेन. मोठ्या कंपन्या ते काम हजारो संगणक लावून करतायत, आणि तुझा एजंट तू प्रबंध सादर करेपर्यंत जुना झालेला असेल. माणसं आणि साधनं मिळून कशी चुकतात, हे मात्र कमी लोक बघतायत आणि त्याला फार पैसा लागत नाही. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या कर्ल या मुक्तस्रोत साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं की एआयने लिहिलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारी तपासण्यात त्यांच्या लोकांचा जीव जातोय. त्याच वर्षी एका संशोधकाने एआय साधनं वापरून काढलेले खरे बग त्यांनी कौतुकाने स्वीकारलेही. साधनं त्याच जातीची, फरक वापरणाऱ्याच्या समजेचा. हा फरक मोजता येईल का, हा एमईच्या तोलाचा प्रश्न आहे.

माझ्या मनातला प्रयोग सांगते, आवडला तर घे. मुक्तस्रोत प्रकल्पांत अशा जागा शोधायच्या जिथे कोड विचित्र दिसतो पण मुद्दाम तसा ठेवलाय, आणि तो का तसा आहे हे जुन्या कमिटमध्ये किंवा तक्रारीवरच्या चर्चेत नोंदलेलं आहे. त्या जागेवरच्या कॉमेंट काढून टाकायच्या. मग एजंटला फक्त एवढंच सांगायचं: हा भाग साफ कर. विचित्र अट टिकते की जाते, ते नोंदवायचं. मग तीच जागा, तीच सूचना, पण 'का'ची एक ओळ घालून. मग तीन ओळी घालून. मग ओळ कोडजवळ न ठेवता लांबच्या फायलीत ठेवून. शेवटी तेच बदल खऱ्या प्रोग्रॅमरना रिव्ह्यूला द्यायचे आणि अट गेल्याचं किती जणांच्या लक्षात येतं ते बघायचं. आपल्याकडे ताळगाव, वेर्णे, झुआरीनगर, कुंकळ्ळी इथल्या कॉलेजांतून आणि कंपन्यांतून मिळून तीस-चाळीस रिव्ह्यू करणारे सहज जमतील.

पहिल्या आठवड्यात एकही ओळ कोड लिहू नकोस. तारखा, पैसे किंवा वेळेचे प्रदेश हाताळणारी एक जुनी लायब्ररी निवड, तिचा कमिटचा इतिहास हाताने वाच आणि अशा दहा जागा वहीत उतरव, प्रत्येकीसमोर तिचं कारण. त्या दहा झाल्या की शनिवारी दुपारी फोंड्याला ये, मी ऑफिसात असते. आमची अकराची अट अकरावी म्हणून घे. पतसंस्थेची परवानगी मी आजच मागून ठेवते.